उंदराला धरा, मेज पाठ करा

शेलूबाजार,
११ जानेवारी

तीर्थरूप रामकिसनमामांना देवानंदचा साष्टांग नमस्कार, आणि तुमच्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. (मामी फोनवर म्हणाल्या की सध्या घरात त्याचंच राज्य आहे.) रिठदला हरभऱ्याला घाटे धरले असतील. तूर घरात पडली का? मामींचा खोकला गेला का, की तुम्ही अजून त्यांना तुमचाच काढा पाजून राह्यले? इकडे आम्ही सगळे खुशाल. मी तर जरा जास्तच खुशाल आहे. शाळेच्या वाटेनं एकटाच हसत जातो, त्यामुळं लोक लेकराबाळांना बाजूला ओढून घेतात. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. तुम्ही अडतीस वर्षं मराठी शिकवलीत, तेव्हा बसून वाचा. उभ्यानं सोसण्यासारखं ते नाही.

पावसाळ्यात आमच्या तांड्यावरच्या शाळेला एका संस्थेनं बारा टॅब दिले. त्यात मुलांच्या ॲपचं एक ग्रंथालय आहे. जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेले दोनशे चौदा ॲप, सगळे फुकट, आणि कोणालाही आत हात घालून दुरुस्त करता येतात असे. ग्रंथालय मोठं गुणी, पण त्यातल्या मराठी पाट्या मशीननं लिहिलेल्या. पाढ्यांच्या, म्हणजे इंग्रजीतल्या टेबल्सच्या, ॲपचं नाव 'मेज', आणि खाली सूचना, 'दोन ते वीस मेज पाठ करा.' माऊस शिकवणाऱ्या ॲपवर लिहिलेलं, 'उंदराला धरा आणि दोनदा टिचकी मारा.' आमच्या मुख्याध्यापिका वैजयंतीबाईंनी ते वाचलं आणि टॅब दोन बोटांत धरून मला परत दिला. पोरांनी त्यावर साधा उपाय काढला: वाचायचंच नाही. पाटी न वाचता कळणारं एकच ॲप होतं, फुगे फोडायचं. महिनाभर आमची अख्खी शाळा फुगे फोडत होती. (चौथीतली रीता डोळे मिटून फोडायची. तिच्यात गुण आहेत, पण ते कुठं लावावेत हे तेव्हा कळत नव्हतं.)

त्यातच रामीबाईचा प्रसंग झाला. रामीबाई म्हणजे रीताची आजी. नातीसोबत येते आणि शाळेच्या ओट्यावर बसून आमच्या शिकवण्यातल्या चुका काढते. एक दिवस रीतानं तिला पडद्यावरचं वाचून दाखवलं, 'सुरू करण्यासाठी कोणतीही किल्ली दाबा.' म्हातारीनं कमरेची घराची किल्ली सोडली आणि काचेवर जोर लावून दाबली. काच वाचली, ओरखडा राहिला. मी धावत गेलो तर ती मलाच म्हणते, "दाबली नं बापा. आता काहून उघडत नाही हे? दुसऱ्याची किल्ली पाह्यजे का?"

त्या दिवशी शेलूबाजारला घरी येऊन मी ग्रंथालयवाल्यांना एक जळजळीत पत्र लिहिलं. (इंग्रजीत. राग आला की माझं इंग्रजी सुधारते.) उत्तर येणार नाही अशी खात्री होती, आणि मला तेच हवं होतं, पण दोन तासांत उत्तर आलं! मंडळींनी माझे आभार मानले, तुमचं म्हणणं खरं आहे म्हणाले, आणि पुढं लिहिलं की हे ग्रंथालय सर्वांचं आहे, तर तुम्हीच दुरुस्त करा, तुम्हाला परवानगी दिली आहे. महिनाअखेरपर्यंत कोणी वाली मिळाला नाही तर मराठी विभाग काढून टाकायचं ठरलंच होतं म्हणे.

मामा, तो विभाग जाऊन चालणार नव्हतं. कारण दिवाळी झाली की आमच्या तांड्यावरचे निम्मे लोक ऊसतोडीला जातात, आणि पोरंही फडावर जातात. या वर्षी वैजयंतीबाईंनी हिंमत करून ठरवलं होतं की पोरांसोबत चार टॅब पाठवायचे. तिकडं मास्तर नाही, नेट नाही. त्या पाटीवर जे लिहिलेलं असेल तोच मास्तर. आणि आमचा मास्तर उंदराला टिचक्या मारा म्हणत होता.

मग मी कंबर कसली. पहिल्या दिवशी तुमचं स्मरण करून लिहिलं, 'अंकसंकलन-कौशल्यवर्धक क्रीडा.' रीतानं ते तीन दमात वाचलं आणि म्हणाली, "गुरुजी, याच्यापेक्षा तो उंदीरच बरा व्हता." (हे वाचून तुम्हाला लागेल, मला माहीत आहे. मलाही लागलं.) शेवटी मी तिलाच म्हटलं, तू खेळ, आणि दुसऱ्या पोराला कसं सांगशील ते मला सांग. ती सांगे, मी लिही. बेरजेच्या ॲपची पाटी अशी झाली: 'यात बेरीज येते. चुकलं तर बेडूक पाण्यात पडते. मुद्दाम चुकू नका.' नकाशाच्या ॲपवर, 'आपलं वाशिम शोधायला फार वेळ लागते, पण आहे.' विषयवार लावलेल्या याद्याही पोरांनी मोडल्या. आता तीन कप्पे आहेत: एकट्यानं खेळायचे, भांडण न करता दोघांनी खेळायचे, आणि आवाज होणारे, म्हणजे गुरुजी झोपले असताना न उघडायचे. (मी शाळेत झोपत नाही. डोळे मिटून विचार करतो.) ओट्यावरून रामीबाई कौल द्यायची. तिला कळलं की पाटी पास.

एकवीस दिवसांत दोनशे चौदा पाट्या झाल्या. आता त्या वर चढवायच्या होत्या, आणि तांड्यावर नेट लागत नाही. म्हणून शेवटच्या तारखेला मंगरूळपीरला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. पुढं ड्रायव्हर धरून चौघं, मागं अकरा, माझ्या मांडीवर कोणाची तरी कोथिंबिरीची जुडी, आणि त्या जुडीवर टॅब. रस्त्यात नेट आलं आणि जीप खड्ड्यात गेली, दोन्ही एकाच वेळी. माझा अंगठा भलत्याच बटणावर पडला. मामा, मराठी विभागाच्या पाट्या बदलायच्या ऐवजी मी सगळ्या जगाच्या बदलल्या! पाऊण तास, जिथं जिथं ते ग्रंथालय उघडलं होतं तिथं तिथं, प्रत्येक भाषेच्या जागी आमच्या रीताची मराठी दिसत होती. मी जीपमध्ये इतक्या जोरानं ओरडलो की ड्रायव्हरनं गाडी उभी केली आणि सगळे मागच्या टायरकडं पाहू लागले.

ब्राझीलमधल्या एका मास्तरीणबाईचा निरोप आला: त्या बेडकाखाली हे काय लिहिलं आहे? माझी पोरं त्या अक्षरांची चित्रं काढून राह्यली आहेत, त्यांना ती फार आवडली. मी मंगरूळपीरच्या बसस्टँडवर बसून, घामाघूम, काय कसं झालं ते सगळं सांगून माफीनामा लिहिला. मला वाटलं, आता मराठी विभाग गेला, नोकरीही गेली. तर मंडळींनी कळवलं की जुन्या पाट्या सगळ्या जपून ठेवलेल्या असतात, त्या परतही लावल्या; आणि चूक तुमची नाही, इतकं धोक्याचं बटण इतकं जवळ ठेवणं ही आमची चूक. बटण हलवलं. मराठी विभाग कायम झाला. मी समोरच्या टपरीवर अनोळखी चार लोकांना चहा पाजला आणि कारण सांगितलं नाही.

दिवाळीनंतर टॅब फडावर गेले. परवा रीताच्या आईचा, ललिताबाईचा फोन आला. आधी मला वाटलं टॅब फुटला. ती म्हणाली, "गुरुजी, दुसऱ्या टोळीचेही पोरं आमच्या कोपीत येऊन बसतात. रीता त्यायले वाचून दाखवते. मले आता सैपाकाले जागा नाही राह्यली." मग हळूच म्हणाली, "रात्री मीबी वाचतो थोडं. तीनचा पाढा आला मले." मामा, तेव्हापासून मी रस्त्यानं हसत चालतो. तुम्ही काय ते समजून घ्या.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
देवानंद

ता.क. एक सांगायचं राहिलं. या ग्रंथालयाचा नियम असा की एकानं लिहिलेली पाटी दुसऱ्या जाणकारानं तपासल्याशिवाय कायम करत नाहीत. घाई होती. मी तुमच्या नावानं खातं उघडलं. पाट्या तुम्ही तपासल्या आहेत.

ता.क. २. कोणाला संशय येऊ नये म्हणून त्यातल्या सतरा पाट्या तुम्ही नापास केल्या आणि मला फार टाकून बोललात. ते वाचून सगळी मंडळी तुम्हाला वचकून आहेत. तुम्हाला मराठीचे मुख्य परीक्षक नेमलं आहे. परवा मी सगळं खरं कबूल केलं, तर ते म्हणाले, असा माणूस खरोखर असेल तर आम्हाला तोच हवा. म्हणून येत्या रविवारी चार वाजता, मोबाईलवर, सात देशांच्या लोकांसमोर तुमची सभा ठेवली आहे. पत्र लिहायचं खरं कारण हेच. नाही म्हणू नका. मामींनी कोटाला इस्त्री करून ठेवली आहे.

ता.क. ३. घाबरू नका. कोणी काहीही विचारलं तरी "हे मराठीत बसत नाही" एवढंच म्हणा. आजवर त्या खात्यावरून तुम्ही दुसरं काही बोललेलाच नाहीत.