मोहदरी बंगल्याचं कुलूप

मोहदरी बंगला,
ता. १० मार्च १९६५, बुधवार

ती. दादांना मंजुळाचा नमस्कार.

तुमचं पत्र सोमवारी पोचलं. मी खुशाल आहे. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. बिब्ब्याचं तेल लावू नका म्हणावं, कातडी सोलून निघते.

या ओसाड डोंगरावर सरकारी बंगला राखत मी एकटी करते तरी काय, असं तुम्ही विचारलंत. ते आधी सांगते, बाकीचं मागून.

श्रावणात इथे ढग सरळ व्हरांड्यात शिरतात. धबधबा बघायला बुलढाण्याची मंडळी येतात, नखशिखांत भिजतात, आणि मी त्यांची लुगडी-धोतरं चुलीवर वाळवत बसते. भादव्यात मोरांची पिसं गळतात. दिवाळीनंतर शाळांच्या सहली. यंदा एका मास्तरांनी निघताना मुली मोजल्या तर एक जास्तच भरली. आशाबाईची पोर भज्यांसाठी रांगेत घुसली होती! पौषात हुरड्याला येणारे पाहुणे. इतकी थंडी, की सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. आता पळस फुललाय, दरीच्या त्या अंगाला नुसता लालभडक. मोह गळायला लागलाय. वस्तीवरच्या बाया टोपल्या घेऊन येतात, पण त्यांच्याही आधी, जरासं फटफटलं की अस्वल येतं. मादी आहे. पाठीवर दोन पिलं, केसांना घट्ट धरून बसलेली. ती फुलं हुंगत पुढे जाते तशी पिलं डुलतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. चहा निवून जातो.

आशाबाई, म्हणजे खालच्या वस्तीवरच्या रंगरावांची बायको, एकदा माझ्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “बाई, अस्वलानं तुह्या नवऱ्याले मारलं, अन् तू तिले पाहत बसतं? काऊन वं?”

मी काही बोलले नाही. दादा, तीन वर्षं मी हेच केलं.

मागच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमचे मालक भाऊराव जीप घेऊन आले. बरोबर अकोल्याचे तीन पाहुणे आणि बंदुका. मी ओसरीची पायरी झाडत होते. पाहुण्यांना ते जीपमधूनच सांगत होते, “याच नाल्यात अस्वलानं आमचा हाकेकरी फाडला. लई इमानी मानूस. आज त्याचा सूड उगवतो.” मला म्हणाले, “मंजुळे, बंगला उघड. कोंबडी टाक. अन् रंग्याले सांग, जनावर उठवाले, हाक्याले वीस मानसं पाहिजेत.”

मी झाडू खाली ठेवला. म्हटलं, “बंगल्याची चिठ्ठी दाखवा.”

“मले कवापासून चिठ्ठी लागाले लागली वं?”

“आजपासून. सरकारी बंगला हाये. चिठ्ठीशिवाय कुलूप निघनार नाही.”

पाहुण्यांपैकी एक जण हसला. भाऊरावांना ते लागलं. ते पायरीपर्यंत आले. “तुह्या नवऱ्यासाठीच आलो न मी. त्या अस्वलीनं त्याले मारलं.”

“तिनं नाही मारलं.”

“मंग कोनं मारलं?”

“तुमाले ठाऊक हाये.”

दादा, हे शब्द कसे निघाले मला ठाऊक नाही. पण मी पायरीवर बसले ती उठले नाही. तेवढ्यात रंगराव वर आले, एकटेच. भाऊरावांनी विचारलं, “मानसं कुठी हायेत?” रंगराव म्हणाले, “नाही येत कोनी. मीबी नाही. त्या दिशी मी नाल्याच्या वरतं होतो, भाऊराव. मीबी पाह्यलं.”

हाक्याविना शिकार होत नाही. जीप आली तशी गेली.

आता मागून सांगायचं म्हटलं ते.

यांना त्या दिवशी घरी आणलं, तेव्हा अंघोळ मी घातली. बाकीच्या बायांना बाहेर बसवलं होतं. अंगावर एक ओरखडा नव्हता. डाव्या खांद्याच्या खाली एकच भोक होतं, करंगळी जाईल एवढं. अस्वलानं मारलेला माणूस मी पाहिलेला आहे, लहानपणी आपण दोघांनी मिळून पाहिला होता, आठवतो ना? त्याचं तोंड उरलं नव्हतं. यांचं तोंड जसंच्या तसं होतं, कपाळावर माती तेवढी.

दहन त्याच संध्याकाळी उरकलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही कागद घेऊन आलात. “अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू” असं लिहिलेलं. म्हणालात, “मंजुळा, गेलेला मानूस येत नाही. मालक तुले बंगल्यावर लावून देतात. सही कर.” मी चौथी पास, वाचता येत होतं. वाचूनच सही केली. ती लाज माझी आहे, तुमच्यावर ढकलत नाही.

पण हेही लिहिते. तुम्ही त्या दिवशी भाऊरावांच्या शेजारी उभे होतात, काडतुसांची पिशवी तुमच्या खांद्यावर होती. करवंदाच्या जाळीत हललं आणि त्यांनी गोळी झाडली, हे तुम्ही पाहिलंत. हे मला रंगरावांनी जीप गेल्यावर सांगितलं. तीन वर्षं तुम्ही दर भाऊबीजेला आलात, मी तुम्हाला ओवाळलं, आणि तुम्ही लाडू खाऊन गेलात.

दोन तारखेला मी आणि रंगराव बुलढाण्याला गेलो. फौजदार नवे आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, सगळं ऐकलं, लिहून घेतलं, वाचून दाखवलं. भाऊरावांची शिकारीची परवानगी चौकशी होईपर्यंत थांबली आहे.

तुम्ही लिहिता, जबाब मागे घे, नाहीतर भाऊरावांकडची तुमची नोकरी जाईल, आणि आपलं नातंही. लिहिता, डोंगराची हवा माझ्या डोक्यात गेली. गेली असेल. इथे राहून एवढं तर कळलं, की रानातलं जनावर माणसाला मारतं तेव्हा उघड मारतं, आणि त्याचा आळ दुसऱ्यावर घालत नाही.

मी जबाब मागे घेणार नाही. बंगला सोडणार नाही. सरकारनं काढलं तर वस्तीवर राहीन, मोह वेचीन. नांदुऱ्याला तुमच्या दारात येणार नाही, त्याची चिंता नको.

एक गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मीच कळवते. जबाबात पाहणारे कोण कोण होते असं विचारलं, तेव्हा मी दोन नावं सांगितली. रंगरावांचं आणि तुमचं. तुमचं सांगताना आधी नुसतं ‘दादा’ म्हटलं. फौजदार थांबले, पाणी दिलं. मग मी पूर्ण नाव सांगितलं, गावासकट.

तेवीस तारखेला, मंगळवारी, तुम्हाला बुलढाण्याला फौजदारांकडे बोलावणं आहे. समन्स येईलच. मी सकाळपासून तिथे बाहेरच्या बाकावर असेन. आत जाऊन काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, दादा. माझं सांगून झालं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आजवर ज्यांचं नाव तोंडानं घेतलं नाही, ते आज माझ्या हातानं लिहिते,

मंजुळा जानराव म्हस्के