एकाच नंबरचे दोन बोये

बाबा, शनिवारी इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एका घरी तुमचा हेडफोन पाहिला. तोच, रशियन विमानातला, काळ्या जाड रबराचा, ज्याच्या डाव्या कानावर माझे दात उमटलेत. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि ती वस्तू अशी माझ्यासमोर, शेल्फवर, गणपतीच्या शेजारी, खास स्टँड करून मांडलेली. माझ्या हातात तेव्हा पुलावाचा ट्रे होता. खाली पडला नाही एवढंच.

मी इथे एका इंडियन हॉटेलच्या किचनमध्ये असतो. जहाजावरचा भटारखाना सोडल्यापासून ही चौथी का पाचवी जागा. कुठे टिकत नाही, हे तुम्हाला नवीन नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही लोकांच्या घरी जेवण पोचवतो, गरम करून वाढतो. त्या घरी मुलीचा वाढदिवस होता. पंचवीस-तीस माणसं, सगळी पुण्या-मुंबई-नागपूरची, कॉम्प्युटरवाली. घरचे काका पंचेचाळिशीचे, टक्कल पडत आलेलं, आवाज मोठा. पाहुण्यांतल्या एकाने विचारलं, "हे काय यार, अँटिक कलेक्शन?" आणि काका सुरू झाले.

"अरे, मी पंधरा वर्षं नेव्हीत होतो. गोव्याला. पाणबुड्या शोधायची रशियन विमानं होती आमच्याकडे. हा आमच्या चीफचा हेडफोन."

"डॅड, नॉट अगेन," मुलगी म्हणाली. तिच्या दोन्ही कानांत आयपॉडच्या पांढऱ्या वायरी.

"तू ऐक तुझं. मी यांना सांगतोय."

चीफ म्हणजे तुम्ही, बाबा. मी गॅसची निळी डबी पेटवून ट्रेखाली सरकवत होतो. कान मात्र तिकडेच.

काका सांगत होते, पाणबुडी वरून दिसत नाही, ऐकू येते. विमान समुद्रावर बोये टाकतं, नळकांड्यांसारखे, पॅराशूट लावलेले. बोया तरंगतो, त्याचा कान खाली पाण्यात सुटतो, आणि जे काही ऐकू येईल ते तो रेडिओने वर विमानात पाठवतो. प्रत्येक बोयाचा नंबर वेगळा. म्हणून तर वर हेडफोन लावून बसलेल्याला कळतं, कुठला आवाज कुठून आला. सगळी माणसं माना डोलावत होती. मीही डोलावली असेल. अठ्ठाविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की माझा बाप नोकरीत नक्की काय करत होता, आणि तेही परक्याच्या हॉलमध्ये, पनीरचा ट्रे उघडता उघडता.

मला काय माहीत होतं? आपल्या क्वार्टरच्या गॅलरीतून ते विमान दिसायचं. चार पंखे, पोटाखाली फुगा, शेपटीला लांब दांडा. सकाळी तुम्हाला घेऊन जायचं आणि दहा-दहा तासांनी परत आणायचं. तुम्ही आलात की आई रेडिओ बंद करते. तुम्ही खुर्चीत बसता, डोळे मिटता. "तासभर कोणी बोलायचं नाही." मी बोलतो. मी ताटली आपटतो, दार आपटतो, काहीतरी पाडतो. त्या विमानाचा मला राग यायचा. त्याच्यासाठी तुमचे कान दहा तास उघडे, आणि माझी वेळ आली की बंद.

मग काकांनी त्यांच्या चुकीची गोष्ट सांगितली. नवे होते, वीस-बावीस वर्षांचे. बोये भरताना नंबर तपासून लावायचं काम त्यांचं. एके दिवशी घाईत एकाच नंबरचे दोन बोये भरले गेले. वर गेल्यावर दोन्ही पाण्यात टाकले. झालं! दोन्हींचे आवाज एकमेकांत मिसळले. कुठला कुठला काही कळेना, सगळं उड्डाण फुकट. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "हू चेक्ड?"

"चीफ पुढे झाले," काका म्हणाले. "म्हणाले, सर, कागदावर सही माझी आहे. एवढंच. माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मला शेडमध्ये नेलं. वाटलं, आता फोडणार. तर हा हेडफोन माझ्या कानाला लावला, एकाच नंबरचे दोन बोये चालू केले आणि म्हणाले, पोरा, यातला कुठला कुठला, सांग. तासभर बसवलं. नाही सांगता आलं. तेव्हा म्हणाले, मग वर मी काय सांगायचं होतं रे?"

सगळे हसले. एक काकू म्हणाल्या, "किती छान माणूस!"

पोरा म्हणालात तुम्ही त्याला. आणि पुढे ऐका, तुम्ही त्याला रशियन अक्षरं शिकवलीत म्हणे. विमानातल्या बटणांवरचे शब्द देवनागरीत पट्ट्यांवर लिहून दिलेत, रोज पाच. विसरला की हसून परत सांगायचात. हसून! मला बाराखडी शिकवताना तुमच्या हातात पट्टी असायची. आणि सहीचं म्हणाल, तर मी नववीत नापास झालो तेव्हा प्रगतिपुस्तक तुमच्यासमोर दोन दिवस पडून होतं. तुम्ही सही केली नाहीत. शेवटी आईने केली. त्याच्या चुकीवर तुमची सही आहे बाबा, माझ्या चुकीवर नाही. हे मी तिथे, हातात झारा धरून, मोजून पाहिलं.

तो हेडफोन मी मागितला होता. तुम्ही रिटायर झालात तेव्हा, मी बारा वर्षांचा होतो. तुम्ही म्हणालात, "ज्याला गप्प बसता येतं, त्याची वस्तू आहे ती." दुसऱ्या आठवड्यात तो घरात नव्हता. कुठे गेला, ते शनिवारी कळलं.

"हे रबर बघा," काका पाहुण्यांना दाखवत होते. "चीफच्या मुलाचे दात. लहानपणी चावलंय त्याने. मी एकदा स्टोअरमधून नवीन रबर आणून दिलं, तर माझ्यावर केवढे खेकसले! राहू दे म्हणाले. आवाज गळायचा हो त्यातून, तरी बदलू दिलं नाही. देताना पण बजावलं, हे बदलायचं नाही."

"मुलगा कुठे असतो आता?"

"जहाजावर गेला, असं ऐकलं. चीफ गेले तेव्हाही आला नाही. भेटला तर देऊन टाकीन त्याला. त्याचंच आहे खरं तर." मग माझ्याकडे वळून, "मित्रा, जरा पुऱ्या बघ ना, संपत आल्या."

"हो काका," म्हणालो. खरं तर एवढंच म्हणायचं होतं: काका, मीच तो. वाढप्याला म्हणतात तसं मित्रा म्हणाले, म्हणून नाही थांबलो. तुमची वस्तू त्यांच्या दिलदारपणातून घ्यायची, तीस माणसांनी वा वा करायचं, आणि कोणीतरी विचारायचं की आला का नाहीस रे तेव्हा, हे मला जमलं नसतं. कॅप्टनने उतरू दिलं नाही, असं मी आईला सांगितलं होतं. मी कॅप्टनला विचारलंच नव्हतं.

केक कापायला सगळे अंगणात गेले तेव्हा मी हॉलमध्ये एकटा होतो. हेडफोन उचलला. जड आहे अजून. कानाला लावला नाही. रबर तोंडाशी नेलं आणि त्या खुणांवर दात ठेवून पाहिले. बसले नाहीत. माझे दात आता मोठे आहेत.

आज दुपारी त्या घरच्या काकूंचा फोन आला. "अहो, तुमचा मोठा झारा आमच्याकडे विसरला वाटतं. शेल्फवर कसा गेला कोण जाणे! येता का न्यायला? हे पण घरीच आहेत." म्हटलं, हो, विसरलो, उद्या येतो.

हे पत्र कुठे टाकणार? राहू दे इथेच, खिशात. पण बाबा, झारा मी विसरलो नव्हतो. हेडफोन जागेवर ठेवताना मीच तो त्याच्या शेजारी ठेवला.