दहाव्याला दिलेले नळाचे वचन रद्द न करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगर परिषद, पळसकुंड,
जि. यवतमाळ.

अर्जदार : सौ. सुहासिनी चंद्रशेखर गावंडे, रा. जिनिंगमागची गल्ली, पळसकुंड.
अर्ज लिहून देणार : नानाजी इंगोले, निवृत्त अर्जनवीस, अर्जदार बाईंचे शेजारी.

विषय : कै. द्वारकाबाई गावंडे यांना नदीवर दिलेले गोड्या पाण्याचे आश्वासन रद्द करणारे पत्र मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या पाणीपुरवठा विभागाचे पत्र, दि. ९ ऑक्टोबर २००६.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, अर्जदार बाईंच्या गल्लीला बोअरचे पाणी येते आणि रस्त्यापलीकडच्या जुन्या गावाला धरणाचे. मध्ये एका व्हॉल्व्हचा काय तो फरक. बोअरचे पाणी किती जड आहे हे साहेबांना ठाऊक नसावे, कारण साहेबांचा बंगला रस्त्यापलीकडे आहे. आमच्याकडे साबण झिजतो, फेस येत नाही. धुतलेले धोतर दोरीवरून काढले तरी आपल्या पायावर उभे राहते. गंज-पातेले कितीही घासा, बुडाला पांढरा थर तो थरच. बायकांचे केस फणीत आणि पुरुषांचे मुतखडे दवाखान्यातल्या बाटलीत. यंदा कापसाच्या भानगडीची पाहणी करायला मोठमोठी पथके गावात येऊन गेली, पण पाणी त्यांनी बरोबर आणले होते. आमच्या नळाला एकाही साहेबाने तोंड लावले नाही. असो. हे सगळे गल्लीने निमूट सोसले आहे व त्याबद्दल तक्रार नाही. हा अर्ज तुरीच्या डाळीबद्दल आहे.

२. या पाण्यात डाळ शिजत नाही. अर्जदार बाईंच्या सासू द्वारकाबाई या घाटंजीकडच्या, माहेरच्या गोड्या विहिरीवर वाढलेल्या. दात गेल्यावर त्यांचा सगळा जीव वरण-भातावर. सुहासिनीबाई डाळ रात्री भिजत घालीत, सोडा टाकीत, शिट्ट्यांवर शिट्ट्या घेत. तरी दाणा वेगळा तो वेगळाच, आणि वर सोड्याचा वास. म्हातारी घास तोंडात घोळवायची आणि ताटाच्या कडेला काढून ठेवायची. शेवटच्या आजारात तर तिला दुसरे काही सुचतच नव्हते. दुपार झाली की खोलीतून हाक यायची, "शिजलं काय वं वरन?" यंदाच्या आषाढात, कुकर चुलीवर असतानाच, त्या वारल्या.

३. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. मुलगा चंद्रशेखर यांनी नातीला, म्हणजे ऋचाला, खूप शिकवू असे सांगितले. कावळा नाही. खर्रा-तंबाखू सोडतो असे सांगितले. कावळ्याने मान फिरवली, आणि ते बरोबरच होते म्हणा, ते वचन त्याने आधीही ऐकले असेल. ऊन डोक्यावर आले, सुहासिनीबाई रडू लागल्या, लोक दर्भाचा कावळा करा म्हणू लागले. तेव्हा आपल्या नगर परिषदेचा व्हॉल्व्हमन उत्तमसिंग पुढे झाला. म्हातारी त्याला रोज शिव्या द्यायची आणि रोज चहा पाजायची. तो नगर परिषदेच्या खाकी कपड्यातच होता. हात जोडून म्हणाला, "माय, तुमच्या गल्लीले धरनाचं गोडं पानी आनून देतो. पोया व्हायच्या आत." शब्द संपतो न संपतो तोच कावळा उतरला आणि पिंड घेऊन गेला. अर्ज लिहिणार स्वतः तेथे हजर होता. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वचन कोण देतो आहे आणि कोणाच्या नळाचे देतो आहे, हा विचार त्या घडीला कोणाला सुचणार?

४. पोळा झाला, पाणी आले नाही. उत्तमसिंगने खेटे घातले, इंजिनीअर साहेबांनी त्याला हाकलून दिले. मग अर्जदार बाईंनी पहिला अर्ज केला. त्याचे उत्तर म्हणजे संदर्भातील पत्र. त्यात लिहिले आहे की, "सदर कर्मचाऱ्यास असे आश्वासन देण्याचा अधिकार नसल्याने ते रद्दबातल समजावे." उत्तमसिंगला व्हॉल्व्हवरून काढून कोंडवाड्यावर बसवले. गुरांची राखण करायला आमची हरकत नाही, पण माणूस हळवा आहे. तो आता दुपारचे जेवत नाही.

५. पत्र घेऊन आलेला आपला शिपाई अमरावतीकडचा, नवा. त्याने द्वारकाबाईंना कधी पाहिलेले नाही. दुपारची वेळ होती. त्याने सही घेतली, पाकीट हाती दिले, आणि दारातच उभा राहून विचारले, "शिजलं काय वं वरन?" सुहासिनीबाईंच्या हातचे पाकीट गळून पडले. शिपायाला विचारले तर म्हणाला, मी कायले विचारू? त्यानंतर विजेचे मीटर पाहणारा आला, त्याने विचारले. कल्हईवाला आला, त्याने विचारले. माणूस दरवेळी वेगळा, सूर तोच, म्हातारीचा, शेवटी जरा वर जाणारा. नागपूरहून चंद्रशेखर यांचा फोन येतो (यंदा कापसाचे जिनिंग सुरूच न झाल्याने ते तिकडे गोदामावर कामाला आहेत), तेही दुपारी फोन केला की आधी हेच विचारतात, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना आठवत नाही. ऋचाला बाईंनी मावशीकडे दिग्रसला ठेवले आहे. लेकीच्या तोंडून तो सूर ऐकायची त्यांची छाती नाही.

६. अर्ज लिहिणाराने हयातभर तहसीलच्या आवारात खरेखोटे अर्ज लिहिले. भुताखेतावर त्याचा काडीचा विश्वास नाही. बाईंची समजूत काढावी म्हणून तो एका दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. काही ऐकू आले नाही. पाहा, मी म्हणत नव्हतो का, असे म्हणायला त्याने तोंड उघडले, आणि त्याच्या तोंडून तो प्रश्न निघाला. साहेब, घशाला म्हातारीची धाप लागली होती. त्या दिवसापासून अर्ज लिहिणारा दुपारी घरातच बसतो.

७. डबा भरून पलीकडून गोडे पाणी आणा, असे आपण म्हणाल. आणले. वरण लोण्यासारखे शिजले, नैवेद्य दाखवला. दुसऱ्या दुपारी दूधवाल्याने विचारलेच. कारण वचन डब्याचे नव्हते, नळाचे होते.

८. आता कायद्याचा मुद्दा. कावळा शिवला तो उत्तमसिंगच्या वचनावर. ते वचन आपण रद्द केले. मूळच रद्द झाले तर कावळ्याचे शिवणेही रद्द झाले, आणि मग द्वारकाबाई गेल्या असे कोणत्या आधारावर म्हणावे? आपल्या कार्यालयाने एका कागदाने मेलेल्या बाईला परत घरात आणून बसवले आहे. दिवसभर त्या घरात सुहासिनीबाई एकट्या असतात. त्या चूल पेटवायला भितात. चिवडा खाऊन दिवस काढतात. म्हातारीवर त्यांचा राग नाही. जन्मभर जिला मऊ घास देता आला नाही तिला उत्तर काय द्यावे, एवढेच त्यांना कळत नाही, आणि त्या रडतात.

९. तरी विनंती अशी की, गोडे पाणी द्यावे असा आमचा आता आग्रह नाही. व्हॉल्व्ह फिरवू नये, पाइप टाकू नये, फाइल हलवू नये. फक्त रद्द केल्याचे पत्र मागे घ्यावे आणि कार्यालयाच्या शिक्क्यानिशी एक ओळ लिहून द्यावी की आश्वासन कायम आहे. मुदत घालू नये. मनात पाळायचे नसले तरी चालेल. जिवंत माणसांना अशी आश्वासने आपण दर निवडणुकीला देता, आणि आम्ही ती घेऊन मुकाट घरी जातो. त्यातलेच एक मेलेल्या बाईला द्यावे.

आपली नळधारक व चरणी लीन,
सौ. सुहासिनी चंद्रशेखर गावंडे
(सही)

पळसकुंड, दि. १७ नोव्हेंबर २००६

सोबत : संदर्भातील मूळ पत्र परत जोडले आहे. ते बाईंना घरात नको.

ता. क. : उत्तर पाठवताना पाकिटावर अर्जदार बाईंचे नाव घालू नये. श्रीमती द्वारकाबाई गावंडे यांच्याच नावे पाठवावे. त्यांना वाचता येत नव्हते. दुपारी स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचून दाखवण्याचे अर्ज लिहिणाराने कबूल केले आहे.