डिंकानं चिकटवलेली दोन पानं

गुरुवार, संध्याकाळ

शी! किळस आली. नात सायलीच्या शाळेत पालकसभा होती. एक डॉक्टरीणबाई नववीच्या मुलींना शरीर, संमती, गर्भनिरोधन सगळं नीट समजावणार होत्या. सभेनं त्यांना नकार दिला, आणि मुलींना लग्नापर्यंत संयमाची शपथ द्यायचं ठरवलं! एक वडील म्हणाले, "पोरींस्नी न्हाय ते कशाला सांगायचं?"

"पावणं, मोबाईल सांगतोय की," मी म्हटलं. हशा झाला, शपथ कायम राहिली.

आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी विज्ञानाच्या पुस्तकातली याच विषयाची दोन पानं डिंकानं चिकटवली होती. लग्न झालं तरी माझी ती पानं चिकटलेलीच.

घरी सायलीनं विचारलं, "आजी, डॉक्टर काय सांगणार होत्या गं?" आणि सभेत गरजणारी मी पुटपुटले, "आईला विचार."

डिंक माझ्याच जिभेवर! वही मिटते, तिला हाक मारते.