दिवेलागणीनंतरची साखर

सेलू, सोमवार, भर दुपार
(वेळ मुद्दाम लिहिली आहे. का, ते पुढं कळेल.)

प्रिय गोपाळभाऊजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमची पाठ कशी आहे, पुण्याची हवा मानवते का, सूनबाई भक्ती वेळेवर जेवायला वाढते की मोबाईलकडे बघत वाढते, हे सगळं मी विचारलं आहे असं समजा आणि सवडीनं कळवा. इकडे सर्व खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर या घरात सध्या खुशाल कुणी असेल तर त्या मुंग्या.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोनवर मी टाकीचा विषय काढला की तुमची रेंज जाते. भाऊजी, मी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली. रेंज नसणं आणि ऐकायचं नसणं यांतला फरक मला श्वासावरून कळतो. पत्राला रेंज लागत नाही, आणि मधेच ‘हॅलो हॅलो’ करून ते खालीही ठेवता येत नाही.

तर टाकी. नातीच्या बारशाला जाऊन येतो म्हणून तुम्ही ती आमच्या बैठकीत ठेवलीत. ती नात आता घरभर पळते म्हणे. टाकी जागची हललेली नाही. ज्या गावात नळाला पाणी चार दिवसांआड येतं, तिथं तुम्ही मला समुद्र सांभाळायला देऊन गेलात. त्यात दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे (मोठी मादी हुकूम सोडते आणि धाकटा नर तिच्या मागं मागं फिरतो, त्यामुळे घरात नवीन असं काही वाटत नाही), एक खडक, आणि त्यावर ते तुमचं लाडकं पोवळं, जे फुलासारखं उघडतं आणि माझ्यासारखं मिटतं. गेल्या महिन्यात तुमचं मिठाचं पोतं संपलं. पाणी बदलायला उशीर झाला तसं पोवळं मिटलं ते उघडेचना. धाकटा मासा कोपऱ्यात तोंड करून उभा राहू लागला, अगदी सिस्टर आग्नेस मला वर्गात उभं करायच्या तसा. मला माशांचा लळा वगैरे काही नाही, हे इथं स्पष्ट करते. पण माझ्या घरात माझ्या हलगर्जीनं कुणी मेलेलं मला चालायचं नाही. म्हणून मिठाच्या शोधाला निघाले.

आधी बन्सीधरच्या किराणा दुकानात गेले आणि समुद्राचं मीठ मागितलं. तो म्हणाला, “ताई, सगळं मीठ समुद्राचंच असतंय. सेलूच्या विहिरीत का पिकतंय?” मग त्यानं बारीक मीठ दाखवलं, खडेमीठ दाखवलं, गुरांनी चाटायचा मिठाचा गोळासुद्धा दाखवला. त्याच सुमारास आपल्या वन्सं गीताबाई पालमहून एसटीनं आल्या, गुडघ्यांची चौकशी करायला. (गुडघे त्यांचेच.) त्यांनी टाकीकडे बघून हात जोडले आणि सांगितलं की मुक्या जिवांना उपासाचं शेंदेलोण घाला, पुण्य तरी लागेल. तेव्हा तुमची रेंज नेमकी आली आणि तुम्ही ओरडलात की यातलं काहीही टाकीत घालायचं नाही, पोवळ्याचं मीठ वेगळं असतं, त्यात चुना-मॅग्नेशियम बेतानं मिसळलेलं असतं. दोन प्रकार पाठवतो, तपासून सांगा कुठलं चांगलं. म्हणजे परीक्षा तुमच्या मिठाची आणि पेपर तपासायला मी.

पोती आली, एक निळं, एक लाल. कुरिअरवाल्यानं ती भर गल्लीत उतरवली आणि गल्लीला वाटलं मी खत साठवलं. शेजारचे दत्तराव चप्पल न घालता धावत आले. “ताई, एवढं खत कुठं भेटलं? आमी चार दिवस झाले दुकानाच्या पायऱ्या झिजवायलोत!” मी म्हटलं, अहो मीठ आहे, माशांचं. ते हसले आणि आवाज बारीक करून म्हणाले, “आसू द्या, आसू द्या. कुणाला न्हाई सांगत. पण एक पोतं आमच्याकडं बघा.” संध्याकाळपर्यंत दारात तिघे उभे. शेवटी मी चिमूटभर मीठ दत्तरावांच्या जिभेवर ठेवलं, तेव्हा कुठं गल्ली शांत झाली.

मग तपासणी सुरू झाली. जारचं पाणी आणलं (आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच एवढा क्षार, की त्यात मीठ घालणं म्हणजे लोणच्याला लोणचं लावणं). दोन बादल्या घेतल्या. तुम्ही पाठवलेला पाणी घुसळायचा पंप वीज गेल्यावर बंद पडला, म्हणून वन्संनी ताकाची रवी काढली आणि पाटावर बसून समुद्रमंथन केलं. त्यानंतर पाण्यातला चुना तपासायच्या तुमच्या त्या बाटल्या. काचेच्या नळीतल्या पाण्यात एकेक थेंब घालत जायचं आणि गुलाबी रंगाचा निळा झाला की थांबायचं. दिसायला सोपं, पण आमच्यात एकमत होईना. मी म्हणायचे निळा झाला. वन्सं म्हणायच्या, “ह्यो कुठं निळा? ह्यो तर वांगी.” आणखी एक थेंब. “आता अंजिरी.” आणखी एक. “आता बघ, जांभूळरंगी. धाकट्या जावेच्या ओटीला नेसवली होती न्हाई का, तसली.” शेवटी त्यांनी पेटीतून पैठणीचा पदर काढून नळीशेजारी धरला, आणि तुमच्या परदेशी रंगपट्टीनं हार खाल्ली. एकूण निळ्या पोत्यानं बादलीच्या बुडाशी पांढरा गाळ धरला, लाल पोतं आरशासारखं विरघळलं. निकाल शेवटी सविस्तर लिहिते.

आता मुख्य प्रसंग. मन घट्ट करून वाचा.

तुम्हाला सासूबाईंचा नियम आठवतच असेल. दिवे लागल्यावर मिठाचं नाव काढायचं नाही, लक्ष्मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते. मीठ हवं असेल तर ‘साखर’ म्हणायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हा नियम एकदाही पाळलेला नव्हता. ज्याला जे नाव आहे त्याला त्याच नावानं हाक मारावी, हे सिस्टर आग्नेसनी छडीनं शिकवलं होतं. त्यामुळे सासूबाई असेपर्यंत रोज रात्री आमटीवरून आमचं महाभारत व्हायचं, आणि त्यांच्यामागं ते खातं वन्संनी चालू ठेवलं आहे.

त्या दिवशी लाल मिठाची मोठी बादली करायची होती, कारण धाकट्या माशानं आता खाणंही सोडलं होतं. मीठ मोजून एका स्टीलच्या डब्यात काढलं आणि डबा ओट्यावर ठेवला. तेवढ्यात दत्तराव आले. त्यांच्या मुलाच्या पत्रिकेत मंगळ आहे, तेव्हा टाकीतल्या पोवळ्याचा एक तुकडा अंगठीपुरता तोडून द्या म्हणू लागले. मी त्यांना समजावत बैठकीत अडकले, वन्सं आत बादलीशी. दिवे नुकतेच लागले होते. परक्या माणसासमोर वन्संचं व्याख्यान ऐकायला नको, म्हणून मी, आयुष्यात पहिल्यांदा, नियम पाळला. तिथूनच हाक मारली, “वन्सं, ओट्यावरच्या डब्यातली साखर घाला बादलीत!”

ओट्यावर साखरेचाही डबा होता.

नंतर मी जाऊन पाण्याचा खारटपणा मोजायची तुमची ती दुर्बिणीच्या पिल्लासारखी नळी डोळ्याला लावली. थोडं कमी दिसलं. “आणखी दोन मुठी साखर,” मी म्हटलं. (एकदा सुधारले ती सुधारलेच.) पुन्हा बघितलं, रेघ बरोबर पस्तिसावर! समुद्राचं पाणी इतकं अचूक समुद्रालासुद्धा जमलं नसेल. बादलीवर ताट झाकलं आणि मी अभिमानानं झोपले.

सकाळी मागच्या दारापासून बादलीपर्यंत मुंग्यांची रांग. भाऊजी, मुंग्या समुद्राला निघालेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. मी विचार करत उभी होते तेवढ्यात तुमचे दादा आले, चमचा बुडवला, चाखलं. मग आणखी एक चमचा घेतला. मधुमेहाचा माणूस! तिसऱ्या चमच्याला मी हात धरला तेव्हा म्हणाले, “तुझा समुद्र बरा आहे की.” आणि वर शांतपणे सांगितलं, की असल्याच नळीनं ते साखर कारखान्यात उसाचा रस तपासायचे, तिला मीठ आणि साखर यांतलं काही कळत नाही, फक्त किती विरघळलंय ते कळतं. आधी का नाही सांगितलं, तर “तू विचारलं नाहीस.”

मी वन्संना हाक मारली. म्हटलं, नियम तुमचा, दिवे लागलेले, मी साखर म्हटलं म्हणजे मीठ, हे तुम्हाला कळू नये? वन्सं कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अगं बाई, तू जल्मात कधी दिवे लागल्यावर मिठाला साखर म्हणलीस का? आमची आई म्हणून म्हणून गेली. तू साखर म्हणलीस तवा मला वाटलं, हिला साखरच पायजे!”

 

दिवसाउजेडी, ‘मीठ’ असं तीनदा मोठ्यानं म्हणून, नवी बादली केली. चाखली. वन्संना चाखवली. तुमच्या दादांना दिली नाही. पाणी बदललं. जेवणं होईपर्यंत पोवळं कडेनं उघडू लागलं, आणि धाकटा कोपरा सोडून बाहेर आला तो थेट तिच्या मागं. वन्संनी मीठ-मोहरीनं त्याची दृष्ट काढली. मी मात्र शांत होते. (डोळ्यांत पाणी होतं ते रवीनं उडालेलं.)

पण आता पुरे. नांदेडच्या दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यात शोभेला टाकी हवी आहे असं तुम्हीच म्हणत होता. दिवाळीच्या आत ती त्यांना देऊन टाका. या वयात मला समुद्र झेपत नाही. भक्तीला आशीर्वाद, नातीला गोड पापा.

आपली संतप्त वहिनी,
राजेश्री

ता. क. निकाल लिहायचा राहिला. लाल. निळं पोतं चुना लावायला बरं आहे.

ता. क. दुसरा. नांदेडच्या डॉक्टरांचा माणूस (पत्ता तुम्हीच दिलात म्हणे) टाकी बघायला आत्ताच येऊन गेला. वन्संनी त्याला सांगितलं की हे मासे चावतात. मी ते खोडून काढलं नाही. इंजेक्शन घ्यावं लागतं, एवढंच वर जोडलं. तो पुन्हा येईलसं वाटत नाही, तेव्हा तुम्हीही त्यांना फोन करून त्रास देऊ नका.

ता. क. तिसरा. येताना लाल पोत्यातली साखर घेऊन या. दोन पोती तरी आणा, वर्षभर पुरायला हवी. (दिवे लागले आहेत, आणि वन्सं चष्मा लावून शेजारी बसल्या आहेत.)

ता. क. चौथा, मंगळवार सकाळ. पाकीट चिकटवताना पुन्हा वाचलं आणि अंगावर काटा आला. मीठ, भाऊजी. मीठ!