निळ्या कॅसेटची चिठ्ठी

११ जानेवारी, शनिवार

महेंद्र गेले. काल दुपारी, झोपेत.

त्यांच्याच नंबरवरून मेसेज आला — “बाबा गेले. राजरत्न.” आणि त्याच्या बरोबर वर, दोन तारखेला आलेली लिंक. “सारंगी आहे. पूर्ण मैफल. सवडीने ऐका मॅडम, घाई नाही.”

मी घाई केली नाही! योगिनीच्या माहेरची माणसं आली, मग गिझर बिघडला, मग म्हटलं रविवारी शांतपणे ऐकू. नऊ दिवस सवड शोधत बसले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझी चिठ्ठी राहिली.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सर्वेशला सांगितलं, “माझे एक मित्र वारले.” मित्र हा शब्द त्यांच्यासाठी मोठ्याने पहिल्यांदाच वापरला.

“कोण गं?”

“शहाडचे. महेंद्र. एक्स्चेंजमध्ये लाइनमन होते.”

“अच्छा. वय काय?”

“सदुसष्ट.”

“ओह.” मग तो गाडी धुवून घ्यायला खाली गेला. त्याची काय चूक? मी त्यांचं नाव घरात कितीदा घेतलं असेल! त्याचे बाबा होते तेव्हा तेच विचारायचे, हसून — “काय म्हणतो तुझा कॅसेटवाला?” संशय त्यांच्या स्वभावातच नव्हता. त्यांना जाऊनही नऊ वर्षं झाली. आता कॅसेटवाला म्हणणारंही कोणी नाही.

त्र्याण्णव साल. मी ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दुपारची वेळ, बोर्ड थंड. मी सिस्टर बेनेडिक्टांनी शाळेत बसवलेली प्रार्थना गुणगुणत होते. माझ्या बोर्डाखाली एक माणूस पाठीवर पडून वायरी जोडत होता, त्याचा मला पत्ताच नाही. तो एकदम उठून उभा राहिला. केसांत धूळ. “हे कुठलं?”

दुसऱ्या दिवशी मी कॉन्व्हेंटच्या क्वायरची कॅसेट नेली. त्यांनी आणली कल्याणकडच्या एका गायनपार्टीची — ढोलकी, आणि सुरीसारखा बाईचा आवाज. “ऐका. आवडलं तर सांगा.” बोर्डावर गप्पा मारायला बंदी. म्हणून मी कागदावर लिहिलं आणि घडी करून कॅसेटच्या डबीत घातलं. तीन दिवसांनी माझी कॅसेट परत आली, तिच्यातही चिठ्ठी.

मग नियम झाले. महिन्याला एक त्यांची, एक माझी. पहिल्यांदा ऐकायचं ते एकट्याने, सलग, क्रम न मोडता. ऐकताना बोलायचं नाही. आणि चिठ्ठी लिहिल्याशिवाय दुसऱ्यांदा लावायचं नाही. त्यांची बदली कल्याणला झाली, मग पोस्टाने. मग सीडी. मग मोबाईल. एकही महिना चुकला नाही. भेट मात्र फार तर वर्षातून एकदा.

१५ जानेवारी, बुधवार

जुन्या चिठ्ठ्या काढल्या. कपाटात साड्यांच्या खाली आहेत.

प्रत्यक्षात हा माणूस बोलायचाच नाही. “कशी वाटली?” विचारलं की — “चांगलं होतं.” संपलं! मान खाली, चपलेकडे बघत. आणि कागदावर? श्रोत्यांत एकजण सारखा खोकतो म्हणून आम्ही जिला ‘खोकल्याची मैफल’ म्हणायचो, तिच्याबद्दल लिहिलंय — “तिसऱ्या चिजेत बाईंचा आवाज दूध वर येण्याआधी थरथरतं तसा थरथरतो. वाटतं, आता उतू जाणार. जात नाही.” माझ्या क्वायरबद्दल — “शब्द कळले नाहीत. पण तांदूळ निवडताना हात आपोआप थांबला.”

ही वाचून तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते. लाइनमन, आणि घरी बायकोला तांदूळ निवडून देतो! आमच्या ह्यांनाही ऐकवलं. ते म्हणाले, “मग त्याच्याकडूनच शिकून घेतो.” कधी शिकले नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार

योगिनी म्हणाली, “आई, तुम्ही हल्ली गाणी लावत नाही?” म्हटलं, कान दुखतोय.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज लिहूनच टाकते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

अठ्ठ्याण्णव साली त्यांनी निळ्या कव्हरची कॅसेट पाठवली. एक बाई, एक पुरुष, मागे नुसता तानपुरा. दोघं एकमेकांना जागा देत देत गातात. मी ती सर्वेश शाळेत असताना ऐकली, आणि नियमाप्रमाणे लगेच चिठ्ठी लिहिली — “ही एकट्याने ऐकायची नव्हती. एकदा, एकदाच, तुमच्याबरोबर एका खोलीत बसून ऐकावंसं वाटतं. बोलायचं काही नाही. फक्त ऐकायचं.”

पोस्टाच्या पेटीत टाकली आणि हात आत अडकल्यासारखी उभी राहिले. त्यानंतर तीन आठवडे जेवण गेलं नाही. संसार होता, मुलगा होता, नवरा भला होता. मी काय करून बसले!

उत्तर आलं — “दुसरी बाजू जरा जास्तच गोड आहे. पुढच्या महिन्यात काहीतरी कोरडं पाठवतो.” आणि खरंच आला — तासभर नुसता पखवाज!

हसले आणि रडले. किती जपलं त्यांनी मला! ना राग, ना अबोला. पुन्हा कधी विषय नाही. सव्वीस वर्षं मी त्या एका ओळीचे उपकार मानत आले आहे.

१९ जानेवारी, रविवार

शहाडला जाऊन आले.

सर्वेशने गाडीने नेलं, तो खालीच थांबला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सकाळीच झाला होता. माणसं निघाली होती. बुद्ध, बाबासाहेब, आणि बाजूला त्यांचा फोटो, चष्मा लावलेला. राजरत्न दारात होता. “जय भीम. तुम्ही… ठाण्याच्या मॅडम ना? या, या.”

कांताबाई — त्यांची बायको — पुढे आल्या. लहानखुऱ्या, पांढरी साडी. राजरत्नच्या लग्नात ओझरती भेट झालेली, तेवढीच. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. “आलात ताई. वाटच बघत होते. इथे आत बसा, बाहेर खुर्च्या आवरतायत.”

स्वयंपाकघरात बसवलं. चहा ठेवला. मी आपली फळीवरचे डबे बघत होते, कुठेतरी बघायला हवं म्हणून. प्रत्येक डब्यावर कागद चिकटवलेला. हळद. फुटाणे. गूळ. त्या गुळाचा ऊकार शेवग्याच्या शेंगेसारखा लांब खाली ओढलेला.

तो ऊकार मी एकतीस वर्षं वाचते आहे.

“ही नावं कोणी लिहिली?”

“मीच. दुसरं कोण लिहिणार?” हसत हसत वळल्या, आणि माझा चेहरा पाहिला. गॅस बंद केला. “तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, ह्यांनी कधीतरी सांगितलं असेल.”

मी उठून गुळाचा डबा हातात घेतला.

“ह्यांना लिहायला सुचायचंच नाही हो! कॅसेट संपली की म्हणायचे, चांगलं होतं. अहो पण कसं चांगलं? तर — चांगलं होतं! समोरच्या बाईने पानभर लिहिलंय, तिला दोन शब्द कसे पाठवायचे? म्हटलं, आणा इकडे.” पदराने डोळे पुसले. “खोटं कशाला बोलू? आधी लक्ष ठेवायलाच लिहिलं. कोण ही मॅडम, कानाला हेडफोनवाली? मग गोडी लागली.”

“मोबाईलवर पण…?”

“मीच. ह्यांना चष्मा सापडायचा नाही.”

“आणि गाणी कोण निवडायचं?”

“आधी बहुतेक हेच. बायपास झाल्यावर मी. ती सारंगी माझी आहे.”

मग म्हणाल्या, महिन्याचा एक रविवार ठरलेला असायचा. हे पलंगावर, त्या उंबऱ्यात भाजी नाहीतर तांदूळ घेऊन. “एकट्याने ऐकायचं हा तुमचा नियम आम्ही मोडला. बाकी सगळे पाळले. मध्ये एक शब्द नाही! एरवी तरी आमचं कुठे काय बोलणं व्हायचं? पण तुमच्यामुळे बसायचो हो एकत्र. एका खोलीत.”

एका खोलीत.

चहा तसाच राहिला. निघताना दारात त्यांनी आवाज खाली आणला. “तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या मी ह्यांना वाचून दाखवायचे. एक सोडून. निळ्या कॅसेटची. ती चिठ्ठ्यांच्या डब्यात तळाशी घातली. राग मानू नका.”

गाडीत सर्वेश म्हणाला, “आई, बायपासला ट्रॅफिक आहे, पडून राहा हवं तर.” मी डोळे मिटून घेतले.

२० जानेवारी, सोमवार

म्हणजे तो पखवाज तिने पाठवला.

२३ जानेवारी, गुरुवार

चार दिवस नुसती चिडचिड. योगिनीवर ओरडले, कुकरच्या शिट्टीवरून. ती बिचारी म्हणाली, “आई, डॉक्टरकडे जाऊया का?”

कोणावर रागावू? कांतावर? तिच्या नवऱ्याला मी तसलं लिहिलं, आणि तिने मला दोन ओळींत हळूच बाजूला केलं. ओरडली नाही, एक्स्चेंजमध्ये येऊन तमाशा केला नाही. एवढंच म्हणाली, गोड जास्त झालं. मी तिच्या जागी असते तर?

पण त्यांना कळलंच नाही! हेच गिळवत नाही. मला वाटायचं, ते जाणतात आणि जपतात. वर्षातून एकदा भेटायचो तेव्हा ते चपलेकडे बघायचे, मला वाटायचं त्या चिठ्ठीमुळेच. ते आपले नुसतेच चपलेकडे बघत होते.

मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलले? दुधावरचं थरथरणं तिचं. तांदूळ तिचे. त्यांचं स्वतःचं असं माझ्याकडे काय आहे? “हे कुठलं?” आणि “चांगलं होतं.” पदरात एवढंच.

२ फेब्रुवारी, रविवार

सारंगी ऐकली. एकटीने, सलग, क्रम न मोडता. दार लावून घेतलं.

म्हातारा सारंगिया आहे. शेवटच्या रागात मध्येच तो थांबतो आणि तार जुळवतो. बराच वेळ. कोणी खोकत नाही, कोणी उठत नाही. मग पुन्हा सुरू करतो ते सोडलं होतं तिथूनच नाही, थोडं मागून. माणूस बोलता बोलता हुंदका आला की करतो तसं.

तसंच लिहिलं आणि त्यांच्या नंबरवर पाठवलं. सवयीने. मग बोट थबकलं, पण गेलं होतं.

तासाभराने उत्तर. “मी पण तिथेच थांबले होते. हातात मेथी होती.” मग — “पाठवायच्या आधी ह्यांच्याबरोबरच ऐकली. काय म्हणाले ते तुम्हाला माहीतच आहे.”

तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. मग बेसिनचा नळ सोडून उभी राहिले, घरात कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

५ फेब्रुवारी, बुधवार

या महिन्याची माझी पाठवायची राहिली आहे. पाठवू का? कोणाला म्हणून पाठवू? पाठवली. क्वायरचीच, पण दुसरी.

९ फेब्रुवारी, रविवार

राजरत्नचं इथे जवळच कोलशेतला कोणाकडे तरी काम होतं. वॉचमनकडे पिशवी ठेवून गेला, वर आला नाही. आत फरसाणाचा पत्र्याचा डबा. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या! वर्षावर्षाच्या जुड्या, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या. वर त्या लांब उकारांची चिठ्ठी —

“ताई, तुमचं तुम्हाला परत. जपून ठेवा, माझ्या तुमच्याकडे आहेतच. निळ्या कॅसेटची मात्र डब्यात नव्हती. तळाशी मीच ठेवलेली, तरी नव्हती. काल ह्यांची हत्यारांची पिशवी रिकामी करायला घेतली. पकडीच्या खाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून होती. मी काढून ठेवू शकले असते. एकदा तसं केलंय, पुन्हा नाही. मागे बघा.”

ती वेगळी आहे, डब्याच्या कडेला खोचलेली. घड्यांवर झिजून आरपार दिसायला लागली आहे. माझं अक्षर वर आहे.

आज उलटली नाही. धीर नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मागे पेन्सिलने एक ओळ आहे. हे अक्षर मी आज पहिल्यांदा पाहिलं. मोठं, तुटक, दाबून लिहिलेलं.

“चांगलं झालं असतं.”