डोहात सोडलेलं हाड

६ जानेवारी
नात मनू सकाळी पुण्याला गेली. निघताना माझ्या पाया पडली नाही. "येते" म्हणाली, ते पण तिच्या आईकडे बघून.
दिवाळीच्या सुट्टीत तिने मुळा नदीच्या पात्रातून एक हाड आणलं होतं. वीतभर, काळपट, दगडासारखं जड. बिस्किटाच्या डब्यात घालून खाटेखाली ठेवलं आणि कॉलेजला गेली. पुढच्याच महिन्यात माझ्या मुलाची, शिवाची मोटारसायकल केडगावपाशी घसरली, पाय मोडला. मग माझ्या मनाने एकच धरलं, घरात कुणाचं तरी हाड आहे. पांढऱ्या फडक्यात बांधलं, फुलं-तांदूळ वाहिले, नदीच्या डोहात सोडून आलो. सुनेलाही सांगितलं नाही.
काल मनूने डबा उघडला, रिकामा. डोहात सोडल्याचं मी सांगितलं.
"आबा, सरांना दाखवायचं हुतं ते. माणसाचं न्हवतंच. हजारो वर्षांमागच्या रानबैलाचं हाय, दगड झालेलं."
मी म्हणालो, एवढं जुनं असेल तर बिचाऱ्याला पाणी मिळालं, बरंच झालं. हे बोलायला नको होतं. ती हसेल असं वाटलं होतं.

९ जाने.
फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही.
सुनंदा म्हणाली, "मामा, तिला कामं असत्यात. सारखं सारखं लावू नका." सून म्हणून गोड बोलते. पण मला कळतं.
मनूची एक वही खाटेवर राहिली आहे. विसरली की टाकून गेली? वर 'भूशास्त्र, प्राथमिक' लिहिलं आहे. अक्षर माझ्यासारखं नाही, सरळ आहे.

११ जाने.
वही वाचतो आहे. मी सहावी नापास, पण मराठी आहे, जमतं. खनिज म्हणजे जमिनीत आपोआप तयार झालेलं, ठराविक घडणीचं. खडक म्हणजे खनिजं एकत्र आलेली. म्हणजे खनिज माणूस आणि खडक गाव, असं मी धरलं. बरोबर का, कुणाला विचारू.
गारगोटीवर चाकूचा ओरखडा उठत नाही. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या खड्यावर उठतो, आणि त्यावर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो. करून पाहिलं. आला. सुनंदा ओरडली, "लिंबं पोह्यासाठी आणली हुती मी!"

१४ जाने. संक्रांत
मनूचा तिळगूळ सुनंदाच्या मोबाईलवर आला. चित्र होतं. मला वेगळा नाही. 'सगळ्यांना' लिहिलं होतं. सगळ्यांत मी असेन.

१५ जाने.
आमच्याकडचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. एकावर एक थर. मधे तांबडी माती लागते तो काळ लाव्हा थांबला होता, जमीन उघडी पडली होती. साडेसहा कोटी वर्षांमागे.
उभ्या जन्मात विहिरी खोदल्या. मुरूम, मग मांजऱ्या म्हणतात तो मऊ खडक, मग कातळ, मग हातभर तांबडं. तांबडं लागलं की आम्ही खूश, टिकाव चालतो. ती कधीकाळची उघडी जमीन आहे हे मला कुणी सांगितलं नाही. त्या जमिनीवर मी उभा राहून भाकरी खाल्ली आहे.
मनू पाच-सहा वर्षांची असताना काठावर पालथी पडून खाली बघायची. सुनंदा तिचा फ्रॉक धरून बसायची. वरून ओरडायची, "आबा, आता काय लागलं?" दर अर्ध्या तासाने तेच. मी कधी कधी उत्तर द्यायचो नाही, कामात असायचो. द्यायला पाहिजे होतं.

१९ जाने.
डोहात उतरलो. पाणी कमरेएवढं, तळाला चिखल. दोन तास पायाने चाचपलं. फडकं सापडलं, हाड नाही.
भागाबाई कपडे धुवायला आली होती. "आबा, या वयात पोहायला शिकताय व्हय?" म्हटलं, जिन्नस पडली आहे. "सोनं हाय का?" म्हटलं, हाड. ती पिळा तसाच टाकून गेली.
गुडघा सुजला.

२२ जाने.
धरणातून पाण्याचं आवर्तन सुटणार, कालव्याला आणि नदीलाही. आठ दिवसांत, असं चावडीवर बोलत होते. मग डोह कसला आणि शोधणं कसलं.
झोपेत पण पाय चिखलात.

२४ जाने.
आज डोहाच्या वरच्या अंगाला दरड पाहिली. चुन्याने घट्ट झालेले गोटे, सिमेंट केल्यासारखे. त्यात एक गोल टोक बाहेर आलं आहे, मनूच्या हाडासारखं काळपट. दगड असेल. दगडच असेल.
वहीत लिहिलं आहे: शंका आल्यास जिभेला लावावे. जीवाश्म हाड चिकटते, दगड चिकटत नाही.
गळ्यात माळ आहे. माळ घातल्यापासून अंड्याला शिवलो नाही. हाड जिभेला कसं लावू.
तसाच परत आलो.

२५ जाने.
परत गेलो. परत आलो. सुनंदा विचारते, नदीवर कोण भेटतं तुम्हाला.

२६ जाने.
शाळेतलं झेंडावंदन ऐकू येत होतं. दरडीपाशी कुणी नव्हतं. माळ काढली, खिशात ठेवली, टोक पाण्याने धुतलं, डोळे मिटले, जीभ लावली.
चिकटली. सोडवताना ओढ बसली.
भीती वाटली नाही, याचीच भीती वाटली. मग माळ घातली.
छन्नी-हातोडा पिशवीत होता. चार घावांत निघालं असतं. पण वहीत मनूने लाल शाईने अधोरेखित केलं आहे: थर नोंदवल्याशिवाय जागेवरून हलवू नये, वय सांगणारा थरच असतो. मी खोदणारा माणूस. न खोदता घरी आलो.

२७ जाने.
सुनंदाच्या मोबाईलवर बोलून निरोप पाठवला. वरून अडीच हात काळी माती, मग चार हात पिवळी, खाली घट्ट गोटे, त्यात टोक. हात लावला नाही. जीभ लावली, माफ कर. असं बोललो. शेवटी नुसतं "बरं" म्हणालो.

२८ जाने.
तिने ऐकलं आहे, दोन निळ्या खुणा आल्या म्हणते सुनंदा. उत्तर नाही.
उद्या पाणी सुटणार, नक्की.
सुनंदा: "मामा, मग काढून आणा की. वाहून गेलं म्हंजी?" काढलं तर मनू म्हणेल परत तेच केलं. नाही काढलं तर पाणी नेईल. दोन्हीकडून मीच.

२९ जाने.
सकाळी सात वाजता मनूचा फोन. रामराम नाही, काही नाही.
"आबा, पिवळ्या मातीत बारीक शंख हायत का?"
म्हटलं, बघितलं नाही.
"बघा. आन् टोक हलवू नका."
"पाणी येतंय आज."
मग, "तुमी एकटेच जाणार का तिथं?" एवढं विचारलं आणि आवाज तुटला. परत लावला, लागत नाही.

शंख आहेत. तांदळाच्या कणीएवढे.
दुपारपर्यंत वाळूच्या गोण्या भरून टोकाभोवती तीन थर रचले. माझी लिहायची वही नदीवरच आणली आहे. चारच्या सुमारास पाणी आलं, गढूळ, पुढे फेस. पहिला थर बुडाला. दुसऱ्याला लागलं आहे. तिसरा बुडाला तर हाड काढायचं की नाही, हे विचारायचं राहिलं. सुनंदा मोबाईल घेऊन वर टेकाडावर रेंज शोधते आहे, तिच्या हाताकडे बघतो आहे. छन्नी मांडीखाली घालून बसलो आहे, हाताला सापडू नये म्हणून.